गंज रंगविणारे कामगार



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर काही सांगावे अशी चालकांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला, 'गंज'. दुसऱ्या दिवशी चिटणिसांचा फोन आला. "शब्द नीट वाचला गेला नाही असे वाटते. 'झुंज' म्हणायचे आहे का?" आम्ही म्हटले, "नाही. गंजच. लोखंडावर चढतो तो." हिंदीत गंजाला मोरचा म्हणतात आणि आमचे तर निम्मे आयुष्य मोर्च्यांत गेले. तेव्हा हा विषय अगदीच आमच्या अधिकाराबाहेरचा नाही.

तर गोष्ट अशी आहे. आमच्या वस्तीत, अंधेरीच्या पश्चिमेस, एक तरुण राहतो. त्याचा बाप आमच्याबरोबर एका कारखान्यात लेथवर होता. तो कारखाना बंद पडला, त्याच्या जागेवर इमारती उठल्या. मुलगा चित्रकला शिकला, पुढे संगणकावर शिकला आणि एका स्टुडिओत लागला. सिनेमाचा स्टुडिओ नव्हे. परदेशी कंपन्या जे व्हिडिओ गेम करतात, त्यांतल्या वस्तू घडवून देणारा. खेळात एखादी खुर्ची दिसते, कंदील दिसतो, मोडकी मोटार दिसते. ती कोणीतरी बसून बनविलेली असते. बनविणारा पुष्कळदा अंधेरीत, गोरेगावात किंवा मालाडच्या काचेच्या इमारतींत बसलेला असतो, आणि खेळणारा बसलेला असतो कॅनडात.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री हा मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही फिटर होता ना? विंचचे काम कधी केले आहे?"

विंच म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. ओढकाम करणारा लोखंडी रहाट. मासेमारीच्या बोटीवर जाळ्याचा दोर किंवा वायररोप त्याच्या पिंपावर गुंडाळून जाळे वर घेतात. आम्ही म्हटले, विंच उघडले आहे, दुरुस्तही केले आहे, पण बोटीवरचे नव्हे. कशाला हवे? तर त्याला एका गेमसाठी मासेमारी बोटीवरचे जुने, समुद्राने खाल्लेले विंच आणि इंजिनघर बनवावयाचे होते. कुठला गेम, विचारले. म्हणाला, "ते सांगता येत नाही, करारावर सही केली आहे." बापाला सांगितलेस का? "बाबांनाही नाही." आम्ही मनात नोंद केली. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात कोणता नट कोणत्या यंत्राचा, हे झाडूवाल्यालाही माहीत असे.

मासेमारीच्या बोटींचे गेम खरोखर आहेत, यात थट्टा नाही. नॉर्वेतल्या एका कंपनीने २०१८ मध्ये बॅरेंट्स समुद्रातील मासेमारीवर आणि २०२० मध्ये उत्तर अटलांटिकमधील मासेमारीवर गेम काढले. त्यांत खेळणाऱ्याने बोट हाकावयाची, जाळी टाकावयाची, विंच फिरवावयाचा. न्यूझीलंडच्या एका लहान मंडळीचा 'ड्रेज' हा २०२३ चा गेम तर एका एकट्या कोळ्याचाच आहे. लोक दिवसभर कचेरीत राबून घरी येतात आणि करमणूक म्हणून दुसऱ्याचे काम करतात! यावर हसावे की रडावे हे आम्ही अजून ठरविलेले नाही. नॉर्वेचे नाव आले म्हणून आणखी एक आठवण. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे मच्छीमारांच्या बोटींना इंजिने बसविण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडच्या शिडाच्या होड्यांनाही पुढे इंजिने आली. तेव्हा नॉर्वेने आपल्याला खरे इंजिन दिले, आणि आज आपली मुले परदेशांना चित्रातले इंजिन देतात. हिशेब फिटला म्हणावयाचा.

मुलाने आपले काम लॅपटॉपवर दाखविले. आम्ही चकित झालो. यंत्र साक्षात समोर होते. बोटाने फिरवावे तसे फिरे. दात होते, पिंप होते, ब्रेकचा दांडा होता. आणि सगळीकडे गंज. पण पाच मिनिटे पाहिल्यावर आमच्यातला फिटर अस्वस्थ झाला. आम्ही म्हटले, "बाळ, हे यंत्र कोणी चालविलेले नाही." तो म्हणाला, "तिकडच्या साहेबानेही असेच काहीसे लिहून परत पाठविले आहे. दोनदा." म्हणून तर तो आमच्याकडे आला होता.

आता हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. आम्हाला समजले तेवढेच सांगतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावे. प्रथम यंत्राचा आकार संगणकात घडवितात, लाखो लहान त्रिकोणांनी बनलेला, बारीकसारीक ओरखड्यांसह. पण एवढा भार खेळात पेलत नाही. म्हणून त्याच यंत्राची दुसरी हलकी प्रत करतात, काही हजार त्रिकोणांची. मग जड प्रतीवरच्या खाचाखोचा एका चित्रात उतरवून ते चित्र हलक्या प्रतीवर चढवितात. त्यामुळे सपाट पत्र्यावरही खळगा असल्याचा भास होतो. या उतरविण्याला ती मुले 'बेक करणे' म्हणतात, जणू पावच भाजावयाचा आहे. १९७८ साली जेम्स ब्लिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा भास निर्माण करण्याची युक्ती मांडली, तिच्यातून हे सारे पुढे वाढले.

चित्र यंत्रावर चढवावयाचे तर यंत्राची कातडी आधी उलगडून सपाट करावी लागते. शिंप्याचे उदाहरण घ्या. सदरा अंगावर गोल दिसतो, पण शिंप्याच्या मेजावर त्याचे तुकडे सपाटच असतात. हा कारागीर उलटा शिंपी होय. तयार सदऱ्यावरून तो कापडाचा बेत काढतो, आणि शिवण कुठे लपवावी याची चिंता करतो.

मग रंगकाम. येथे मौज अशी की रंग एकच नसतो. एक चित्र नुसत्या रंगाचे. दुसरे खडबडीतपणाचे, म्हणजे उजेड पडला असता पृष्ठभाग चकाकेल की मंद राहील हे सांगणारे. तिसरे काळे-पांढरे, त्यात पांढरे ते उघडे धातू, आणि काळे ते धातू नव्हे. मुलाची एक चूक येथेच सापडली. त्याने गंज पांढऱ्यात ठेवला होता. त्यामुळे गंज तांब्याच्या हंड्यासारखा चकाकत होता. आम्ही म्हटले, गंज लोखंडापासून होतो खरा, पण गंज म्हणजे लोखंड नव्हे. लोखंड, हवा आणि पाणी यांची ती माती आहे. मातीला चकाकी कुठून? त्याने ते एका मिनिटात दुरुस्त केले. नववी नापास माणसाच्या रसायनशास्त्राचा असा उपयोग झाला याचे आम्हाला समाधान वाटले, हे कबूल करतो.

परंतु मुख्य दोष वेगळाच होता. या मुलांजवळ असे सॉफ्टवेअर असते की एक कळ दाबली की यंत्राच्या प्रत्येक कडेवरचा रंग उडतो, प्रत्येक कोनाड्यात मळ साचतो. सब्स्टन्स पेंटर हे त्यातले प्रसिद्ध. ते मुळात एका फ्रेंच कंपनीचे, २०१९ मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली. साधन उत्तम आहे, आम्ही त्याची निंदा करीत नाही. पण ते हिशेब करते तो आकाराचा. कड आहे म्हणून झीज. आता आपण सांगा, यंत्र कडेवर झिजते की जिथे हात लागतो तिथे?

पुढच्या रविवारी आम्ही त्याला घेऊन वर्सोव्याला गेलो.

वर्सोव्याचा कोळीवाडा त्याच्या कचेरीपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. चार वर्षे नोकरी करून तो तिथे कधी गेला नव्हता. त्याच्या संगणकात हॉलंडच्या आणि स्कॉटलंडच्या बोटींचे तीनशे फोटो होते. ओहोटीची वेळ होती. बोटी खाडीच्या गाळात एका कुशीवर कलंडून बसल्या होत्या, पलीकडे मढचा किनारा दिसत होता, आणि बोंबलाचा वास होता, त्याचे वर्णन नको. ओळखीच्या एका नाखव्याने बोटीवर घेतले. वय सत्तरीच्या पुढे, पण फळीवरून असा चालत गेला की आम्हा दोघांना लाज वाटावी.

विंचजवळ उभे राहून आम्ही तिघांनी दोन तास काढले. मुलगा फोटो काढीत होता, आणि नाखवा एकेक सांगत होता. त्याने शिकविण्याचा आव आणला नाही. त्याला वाटत होते, आम्ही काही तक्रार घेऊन आलो आहोत.

पिंपाचा मधला पट्टा आरशासारखा लख्ख होता. वायररोप रोज घासते, गंजाला बसावयास जागाच मिळत नाही. पण पिंपाच्या दोन्ही टोकांना, जिथे दोर पोचत नाही, तिथे गंजाच्या खपल्या होत्या. म्हणजे कळ दाबून झाले असते त्याच्या बरोबर उलट. ब्रेकच्या दांड्याचे टोक तळहाताने गुळगुळीत, तपकिरी झालेले. त्याखाली एक वीत निळा रंग शाबूत. नाखवा म्हणाला, "हात तितंच पडतंय ना!" आठ नटांपैकी सात गंजून एकजीव झालेले आणि एक नवा कोरा. "ह्यो का नवा?" आम्ही विचारले. "जुना दर्यात गेला."

पोपडा उडालेल्या एका जागी मुलाने नख लावून पाहिले. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा, मग रेड ऑक्साइड, मग लोखंड. आपल्या महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बोटी ओढून घेतात, डागडुजी करतात, रंग देतात. खरवडून रंग देणे परवडत नाही, तेव्हा जुन्यावरच नवा. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळे दिसतात तशी ही पुटे. आणि पोपडा उडतो तो का? गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगतो आणि रंगाला आतून उचलतो. तांब्यावर हिरवट थर चढतो तो आतल्या तांब्याला सांभाळतो, ॲल्युमिनियमचेही तसेच. पण गंज भुसभुशीत, पाणी आत घेणारा, तो कोणाचे रक्षण करीत नाही. त्यात खारे पाणी म्हणजे वीज वाहून नेण्यास उत्तम, त्यामुळे लोखंड खाण्याचे काम दुप्पट जोराने चालते. आम्हाला कारखान्यातल्या एका जुन्या फोरमनने हे सांगितले होते, ते आम्ही मुलाला सांगितले. विद्या अशीच सरकत जाते.

नटांखालून गंजाच्या पाण्याचे ओघळ आले होते. मुलाने आपल्या चित्रात असे ओघळ सरळ खाली काढले होते. येथे ते तिरपे होते, आणि काही एका दिशेने तर काही दुसऱ्या. त्याला उलगडा होईना. नाखव्याने पायाखालच्या कललेल्या फळीकडे बोट दाखविले. बोट पाण्यात उभी असते तेव्हा ओघळ एका दिशेने जातो, गाळात कलंडते तेव्हा दुसऱ्या. मुलगा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने वहीत लिहून घेतले.

याशिवाय पुष्कळ गोष्टी होत्या. पट्ट्यावर झाकण म्हणून तेलाचा डबा कापून बसविलेला. गळती थांबविण्यास सायकलच्या ट्यूबचा वेढा. ग्रीसमध्ये रुतलेले माशाचे खवले, ते उन्हात चमकत. खाली इंजिनघरात लेलँडचे इंजिन, ट्रकला असते त्याच घराण्यातले. धुराच्या नळीवर काजळीची एक जीभ वर चढलेली. आणि इंजिनाच्या माथ्यावर हळदकुंकवाची बोटे, मागच्या दसऱ्याची, तेलात भिजून काळसर झालेली.

मुलाने तीन आठवडे ते काम पुन्हा केले. आम्ही पाहिले तेव्हा बोटीवर उभे असल्यासारखे वाटले; फक्त वास नव्हता. परदेशातून उत्तर आले. सर्वांना फार आवडले, एक सूचना, इंजिनावरचा तो लाल डाग कसला आहे, काढून टाकावा. त्याने काढला. सातांतला तो नवा नट मात्र राहिला. कोणाच्या लक्षात आला नाही, किंवा आला असेल तर पटला असेल.

मित्रहो, येथवरची गोष्ट कौतुकाची आहे. चालकांनी आम्हाला बोलाविले ते एवढ्यासाठी नव्हे हे आम्ही जाणतो, आणि आम्हीही एवढ्यासाठी आलो नाही.

त्या तीन आठवड्यांत मुलगा रात्री अकरा-बाराच्या आत घरी आला नाही. काम परत आले म्हणजे वेळ गेला, वेळ गेला म्हणजे ठरलेली तारीख अंगावर आली. पुढच्या अडीच महिन्यांत तर त्या गटातली चौदा मुले-मुली शनिवार-रविवारी धरून राबत होती. त्यांच्या धंद्यात याला एक इंग्रजी शब्द आहे, 'क्रंच'. चुरचुरीत शब्द आहे, वेफरच्या पाकिटावर शोभेल. जादा कामाचे पैसे? काही नाही. रात्रीचे जेवण कंपनीकडून, पिझ्झा. आमच्या काळी मालक जादा कामाला चहा-पाव देत असे आणि वर हजेरीही मांडीत असे. म्हणजे जेवण सुधारले आणि हजेरी गेली.

आम्ही त्यांना विचारले, तुम्ही मागत का नाही? एक मुलगी म्हणाली, "काका, आम्ही आर्टिस्ट आहोत. कामगार नाही." हे तिला कोणी सांगितले? नेमणुकीच्या पत्रात तसे लिहिले होते.

या शब्दावर आम्हाला थोडे थांबणे भाग आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची जी व्याख्या होती, तीत अंगमेहनतीच्या कामाबरोबर कुशल आणि तांत्रिक काम हे शब्द स्पष्ट होते. २०२५ च्या नोव्हेंबरात औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. अनेक बाबतींत आमचे तिच्याशी भांडण आहे, पण हे दोन शब्द तिच्यातही आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिलेला आहे. माणूस कामगार आहे की नाही हे त्याच्या दारावरच्या पाटीवरून ठरत नाही, तो दिवसभर काय करतो यावरून ठरते. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. विंचचा नट घडविणारा कामगार आणि नटाचे चित्र घडविणारा कलावंत, हा भेद मालकाच्या सोयीचा आहे. आमच्या मते दोघेही दोन्ही आहेत.

आणि उपनगरांत हे नवे नाही. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान. तिथे पडदे रंगविणारे, लाकडाला दगड आणि नव्याला जुने भासविणारे शेकडो कारागीर होते. त्याही आधी कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत होते, आणि त्याच हातांनी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा जुळविला. आज संगणकावर गंज रंगविणारा आमचा हा मुलगा त्याच घराण्यातला आहे, त्याला ते ठाऊक नसले तरी. बॉम्बे टॉकीजचा शेवट ठाऊक आहे का आपल्याला? कंपनी डबघाईला आली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढली आणि स्वतःच एक चित्रपट निर्माण केला. फणी मजुमदार दिग्दर्शक, अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी काम करणारे. साल १९५४. चित्रपटाचे नाव 'बादबान'. बादबान म्हणजे शीड. कोळ्याच्या पोराची कथा. कंपनी त्याने वाचली नाही. पण मालाडच्या कामगारांनी, आपले सर्वस्व बुडत असता, बोटीचेच चित्र काढले, याचे आम्हाला त्या दिवशी वर्सोव्याच्या धक्क्यावर उभे असता फार वाटले होते.

त्याच मालाडात काचेच्या इमारतींची एक वसाहत जुन्या कचरा डेपोला लागून उभी आहे. तिथल्या वायूंनी संगणकांतले धातूचे भाग काळे पडून बिघडतात अशा बातम्या काही वर्षांपूर्वी आल्या होत्या. यंत्रांची तपासणी झाली. त्याच हवेत बसणाऱ्या माणसांच्या छातीत काय चढते, ते तितक्या तातडीने कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. यंत्राचे पैसे लागतात ना!

तर त्या चौदा जणांची गोष्ट. आम्ही म्हटले, मागणी करावयाची तर पुरावा पाहिजे. हजेरीपत्रक नाही, दारावर कार्ड दाखवून आत जातात, पण त्याच्या नोंदी कंपनीच्या ताब्यात. दोन रात्री आम्ही याच विवंचनेत होतो. मग एकदा मुलगा आपले जुने काम दाखवीत होता, आणि आमचे लक्ष फायलींच्या यादीकडे गेले. विंच एक, विंच दोन, विंच तीन, असे करीत विंच एकेचाळीसपर्यंत. प्रत्येकीसमोर तारीख आणि वेळ. विंच सव्वीस, रविवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटे. विंच सत्तावीस, तीच रात्र, पहाटे चार.

आम्ही म्हटले, अरे, ही तर रंगाची पुटे!

चौदाही जणांनी आपापल्या नोंदी काढल्या. चित्रे नव्हेत, ती कंपनीची. फक्त नाव, तारीख, वेळ. त्यावरून तास मांडले. पत्र लिहिले. मुद्दाम साध्या भाषेत लिहिले, धमकी नाही, घोषणा नाही. पत्रावर सही करण्याच्या वेळी चौदांचे अकरा झाले. आम्ही कोणाला दोष दिला नाही. एकाचे घराचे हप्ते होते, एकीचे लग्न ठरले होते, एकाने कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

कंपनीने प्रथम उत्तर दिले नाही. मग वकिलाचे पत्र आले, त्यात तेच, हे कलावंत आहेत. समेट अधिकाऱ्यासमोर चार तारखा पडल्या. दुसऱ्या तारखेला अधिकारी साहेबांनी विचारले, "हे लोक नेमके करतात काय?" मुलाने लॅपटॉप उघडून विंच फिरवून दाखविला. साहेबांचे वडील गोदीत होते असे नंतर कळले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि कंपनीच्या वकिलास म्हटले, "यात कुशल काम नाही असे तुमचे म्हणणे आहे काय?" वकील हुशार होता. तो काही बोलला नाही.

शेवटी तडजोड झाली. मागितलेल्या तासांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक तासांचे पैसे मिळाले, आणि ते सही न केलेल्या तिघांनाही मिळावेत हे आम्ही अटीत घातले. त्यावरून आमच्यावर आमच्याच मुलांनी टीका केली. आम्ही ती ऐकून घेतली आणि अट तशीच ठेवली. पण दोन गोष्टी आम्हाला मिळविता आल्या नाहीत. गेमच्या शेवटी कारागिरांची नावे येतात, सिनेमात येतात तशी. तिथे या मुलांची नावे नाहीत, फक्त कंपनीचे आहे. दुसरे, मुलाचा करार पुढच्या मार्चमध्ये संपला आणि नवा झाला नाही. कारण लेखी दिलेले नाही. त्यास सूडबुद्धी म्हणावे तर पुरावा पाहिजे, आणि त्याची फाइल कोणी जपून ठेवीत नाही.

हा एकट्या त्याचा प्रश्न नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या जुन्या नामांकित कंपनीचा डोलारा पॅरिसपासून कोसळला, आणि आपल्या देशातील तिचे हजारो कारागीर एकाएकी कामाविना झाले. ऑस्कर मिळविणारी चित्रे घडविलेले हात होते ते. उलट, अमेरिकेतील नटांच्या संघटनेने २०२४ च्या जुलैत व्हिडिओ गेमच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला, तो जवळजवळ वर्षभर चालविला आणि यंत्राने आपल्या आवाजाची नक्कल करण्यावर बंधने मिळविली. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या गेम-कामगारांनी कंपनीवार नव्हे तर सबंध धंद्याची अशी एक संघटनाही काढली. आपल्याकडे सिनेमातील कारागिरांचा महासंघ १९५६ पासून अंधेरीकडेच नांदतो आहे. गेमवाल्यांना त्याचे दार आपले वाटत नाही, आणि महासंघालाही ही मुले अजून नीटशी दिसलेली नाहीत. मध्ये एक रिक्षाचे भाडे आहे. आम्ही दोन्हीकडे जाऊन बसतो. सध्या आमच्या वहीत त्रेचाळीस नावे आहेत. त्रेचाळीस म्हणजे काही नव्हे. पण अकरांवरून आली आहेत.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, गंज रंगविण्याचेही काम यंत्रच करू लागले आहे, या मुलांचे काय? होय, ते येत आहे. वाक्य लिहिले की यंत्राचे चित्र तयार, असे साधन मुलाने आम्हाला दाखविले. आम्ही सांगितले, जुने मासेमारी विंच लिही. क्षणात आले. सुंदर आले. सर्व कडा झिजलेल्या, सगळीकडे सारखा गंज, आणि आठही नट जुने. आम्ही हसलो. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "काका, मालकाला एवढे पुरते." या उत्तरावर आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. लेथवर जेव्हा संगणक आला, तेव्हा त्याच्या बापानेही हेच म्हटले होते.

परवा पौर्णिमेच्या भरतीला आम्ही पुन्हा वर्सोव्यास गेलो. मुलगा आता घरूनच लहानसहान कामे करतो. गेम बाजारात आला आहे, त्यामुळे नाव सांगावयास हरकत नव्हती. तरी त्याने आम्हास सांगितले नाही, सवय जडली असावी. त्याने नाखव्याला बोटीच्या कठड्यावर बसवून लॅपटॉप मांडीवर दिला आणि विंच दाखविला. नाखव्याने चष्मा पुसला. दांडा पाहिला, पिंप पाहिले, तो नवा नट पाहून "आरं!" म्हणाला. मग चित्र इंजिनघरात उतरले. नाखव्याने इंजिन इकडून तिकडून फिरवून घेतले आणि माथ्यावर बोट टेकवले.

"हितली हळद कोनी पुसली?"

मुलगा आमच्याकडे पाहू लागला.